मागची भिंत

८ जानेवारी २०२५, बुधवार

अम्मीला मराठी वाचता येत नाही आणि माझ्या बहिणीला, अफिफाला, माझं अक्षर लागत नाही. म्हणून ही डायरी मराठीत. शाळा मराठी माध्यमाची झाली, त्याचा एवढा तरी उपयोग.

आज धर्मपाल सरांनी पहिल्यांदा एक अख्खं काम माझ्या एकट्याच्या अंगावर टाकलं. आमची लॅब म्हणजे अमरावतीत राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वर दोन खोल्या. खाली पोरं सूत्रं घोकतात, वर आम्ही कारखान्यांतल्या हवेचे नमुने तपासतो. हे काम मात्र अकोल्याचं, म्हणजे माझ्या गावातलंच. एमआयडीसीत तुरीचं मोठं गोदाम आहे. कीड लागू नये म्हणून तिथं पोत्यांच्या थप्प्यांमध्ये गोळ्या ठेवतात. हवेतली ओल लागली की गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्यानं किडा मरतो. जास्त झाला तर माणूसही. तिथल्या हमालांच्या श्वासात तो किती जातो, ते मोजून द्यायचं.

"घाबरू नको उजैर," सर म्हणाले. "कागदावर काय येते त्याची काळजी मालकानं करायची. आपण फक्त मोजायचं."

घाबरलो नाही. खूश आहे. अम्मीनं संध्याकाळी शीरखुर्मा केला, ईद नसताना.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिला दिवस. गोदाम बाहेरून वाटतं त्यापेक्षा खोल आहे. पुढच्या मोठ्या दारातून ट्रक लागतात, आणि दाराच्या डाव्या हातालाच गॅसवर ठेवलेली, म्हणजे गोळ्या टाकून झाकलेली, थप्पी. वरून जाड प्लास्टिक, कडेनं रेती भरलेल्या नळ्या दाबलेल्या. प्लास्टिक दोन ठिकाणी फाटलेलं, त्यावर चिकटपट्टी. हमाल त्याच्या शेजारूनच पोती वाहतात, तिथंच बसून डबा खातात.

सात हमालांच्या कॉलरला वायू मोजणारे मीटर लावले, वायू वाढला की वाजणारे. पहिला वाजला तेव्हा सगळे हसले. "याच्या सासरचा फोन आला," एक जण म्हणाला. नंतर तिसरा वाजला, पाचवा वाजला, तेव्हा हसणं थांबलं. आठ तासांची सरासरी ०.३ पीपीएमच्या आत हवी. इथं ०.५, ०.६, एकाची ०.८. डोकं दुखतं का विचारलं तर म्हणाले, ते तर रोजच दुखते, त्यात काय.

दुपारी चौकीदाराच्या घरी चहा झाला. डोमाजीकाका धारणीकडचे, बारा-तेरा वर्षं इथं आहेत. गोदामाच्या मागच्या अंगाला त्यांची खोली आहे. तीन भिंती नंतर बांधलेल्या, चौथी गोदामाचीच, वर टीन. गोदामाच्या भिंतीत वर जुना झरोका होता, तो आता त्यांच्या खोलीत आला आहे. थंडी लागते म्हणून त्यात पोती कोंबलेली. त्यांची बायको तानुबाई रोज दोनदा गोदाम झाडते. झाडताना निघालेली तूर तिची, आणि राहायला खोली. पगार फक्त काकांना.

"माह्या गळ्यात नाही टाकत का हे?" तिनं मीटरकडे बोट दाखवून विचारलं. "फोटो काढून पोरीले पाठवलं असतं." पोरगी धारणीला दिलेली आहे.

मी म्हणालो, "मावशी, हे फक्त कामगारांसाठी. मोजून सातच आणले."

तिनं साखर जास्त घातलेला चहा दिला. चांगला होता.

११ जानेवारी, शनिवार

मॅनेजर अद्वैत म्हणजे मालकाचा भाचा, पुण्याला शिकून आलेला. वाटलं होतं आकडे बघून चिडेल. चिडला नाही. दार लावून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "प्रॉब्लेम कळला. आता उपाय सांगा. हमाल आजारी पडले तर मलाही नकोच आहे."

मी गोदामाचा नकाशा काढला. गॅसची थप्पी पुढच्या दाराशी ठेवलीत म्हणून हा घोळ. ती पार मागच्या भिंतीला न्या. हमालांचा वावर पुढं, गॅस मागं. प्लास्टिक नवं घ्या. तिकडे डबा खायचा नाही.

त्यानं नकाशाखाली माझी सही घेतली, फोटो काढला. "एवढं सोपं होतं," म्हणाला.

घरी येताना मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. लिहून ठेवतो, कारण असं रोज वाटत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीच्या आदल्या दिवशी थप्पी हलवली. काल गोळ्या टाकल्या. आज पुन्हा सात मीटर. ०.१, ०.१, तीन जणांचे तर शून्यच. एकही वाजला नाही. ज्याचा ०.८ होता तो म्हणाला, "भाऊ, आज डोकंच नाही दुखलं. घरी जाऊन काय करू आता?"

सरांना फोन केला. ते म्हणाले, "शाब्बास." सर असं म्हणत नाहीत.

तानुबाईनं तिळाचे लाडू ठेवले होते. मागच्या भिंतीजवळ झाडत होती तेव्हा मी तिला हटकलं, मावशी, त्या थप्पीपाशी जास्त वेळ थांबू नका. तिनं मान हलवली आणि लगेच खोलीत गेली. ऐकणारी बाई आहे.

२० जानेवारी, सोमवार

तिसरी फेरी. आकडे तसेच चांगले. आता शेवटची एक, मग रिपोर्ट.

तानुबाईला कालपासून उलट्या होत आहेत. तरी चहा केलाच. "पाण्याच्या टाकीत काही पडलं असन," ती म्हणाली. पण एक बरं झालं म्हणे, खोलीतली झुरळं सगळी मेली. सकाळी सूपभर झाडून काढली. पाली पण दिसत नाहीत. डोमाजीकाका हसले. "एवढे वर्स दवा मारून राहिलो, काही नाही झालं. आता आपोआप गेले."

"रातीले लसूण सोलल्यावानी वास येते," तानुबाई म्हणाली. "म्या तर लसूण आणलाच नाही."

मी वास घेऊन पाहिला. मला काही आलं नाही. या कामात नाक बोथट होतं. मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं. एकदा मनात आलं की मीटर लावून बघावा. पण मीटर पेटीत भरून झाले होते, बॅटऱ्या उतरल्या होत्या, आणि अद्वैत सह्या घ्यायला बोलावत होता. शिवाय भिंत पक्की विटांची आहे.

घरी आल्यावर माझंही डोकं धरलं. चष्म्याचा नंबर वाढला असणार. अम्मीनं तेल लावून दिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

शेवटची फेरी झाली. सात जणांपैकी एकाचाही आकडा मर्यादेबाहेर नाही.

तानुबाईच्या तोंडाचा रंग राखेसारखा झाला आहे. छातीत दाबल्यासारखं होतं म्हणाली. डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. काका रात्रभर गेटवर शेकोटीपाशी असतात, ते ठणठणीत आहेत. ती दार लावून आत झोपते. "दिवसा बाहेर बसलं का बरं वाटते," ती म्हणाली, "राती पुन्हा तेच." मी म्हणालो, थंडीमुळे पित्त वाढतं. असं मी कुठं वाचलं होतं, आठवत नाही.

तिनं आज चहा केला नाही. नुसतीच उंबऱ्यात बसून राहिली.

२५ जानेवारी, शनिवार

रिपोर्ट दिला. वीस पानं. धर्मपाल सरांनी दोनच ठिकाणी दुरुस्ती केली.

२८ जानेवारी, मंगळवार

अद्वैतचा फोन. चौकीदाराची बायको काल पहाटे गेली. दवाखान्यात नेईपर्यंतच. "फूड पॉयझनिंग," तो म्हणाला. "पोलीस येऊन गेले. तुमच्या रिपोर्टची रंगीत प्रत आणि तो नकाशा लगेच पाठवा. गोदामात सगळं ठीक आहे हे दाखवायला लागेल."

मी ईमेल केला. मग लॅबच्या जिन्यात जाऊन बसलो.

संध्याकाळी अकोल्याला गोदामावर पोचलो तेव्हा डोमाजीकाका जीप ठरवून तिला गावी न्यायच्या तयारीत होते. मला पाहून उठले. रडले नाहीत. म्हणाले, "रविवारी म्या मच्छी आणली होती. तिले बरं नव्हतं, म्हटलं तोंडाले चव येईन. बाजार उठता उठता घेतली. स्वस्त भेटली. तेच खाऊन गेली ते."

"काका, तसं नसेल."

"पोलीस बी तेच म्हणे. म्याच मारलं तिले."

हमाल दोन्ही बाजूंनी त्यांना धरून होते. त्या वेळी मलाही खरंच ती मच्छीच वाटत होती. वाटत होती की वाटून घेत होतो, आता सांगता येणार नाही.

३० जानेवारी, गुरुवार

अद्वैतनं नकाशाची स्वच्छ प्रत मागितली, पोलिसांना फोटोतला नीट दिसत नाही म्हणे. दुपारी लॅबमध्ये पट्टी घेऊन काढायला बसलो. पुढचं दार, हमालांची वाट, डबा खायची नवी जागा. मागची भिंत काढली, तिला लागून थप्पी काढली. पेन्सिल तिथंच थांबली. भिंतीच्या पलीकडे मी काहीच काढलेलं नव्हतं. पहिल्या नकाशातही नाही. पलीकडे नुसता कोरा कागद.

तिथं झरोका आहे. तिथं तिची पेटी आहे, तिचं अंथरूण आहे. तिथं मी बसून चहा प्यालो.

लसूण, म्हणजे फॉस्फिनचाच वास. झुरळं. दिवसा बाहेर बसलं की बरं वाटतं. हे सगळं तिनं मला सांगितलं होतं, आणि मी ते याच डायरीत माझ्या हातानं लिहून ठेवलं आहे. आज मागची पानं पुन्हा वाचली.

थप्पी तिथं मी नेली.

१ फेब्रुवारी, शनिवार

एक मीटर घेऊन गोदामावर गेलो. नमुन्याच्या नळ्यांचा डबा खोलीत विसरला असं सांगून खोलीची किल्ली घेतली. मागच्या भिंतीला दुसरी थप्पी गॅसवर आहे. खोली चार दिवस बंद होती.

दार उघडलं आणि मीटर वाजला. अंथरुणापाशी चारच्या वर. झरोक्यातलं पोतं ओढून काढलं आणि मीटर वर धरला, तर आकडा वीसवर जाऊन अडकला. वीसच्या पुढं तो दाखवतच नाही. त्या रात्री किती होता, ते कळायला आता मार्ग नाही. मोबाइलवर फोटो काढले, व्हिडिओ काढला. श्वास धरून होतो.

अद्वैतला तिथंच बोलावून दाखवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. खोटं नाही सांगत, खरंच पडला. भिंतीला हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "आज झरोका विटांनी बुजवतो. खोली पाडून टाकतो. पुन्हा कुणी इथं राहणार नाही, माझा शब्द."

"आणि पोलिसांना?"

"त्यानं ती परत येणार आहे का? थप्पी तुम्ही हलवायला लावलीत, उजैर. नकाशावर सही तुमची आहे."

संध्याकाळी मिस्त्री आला तो मी रस्त्यावरून पाहिला.

३ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. फोटो पाहून त्यांनी खिडकी लावून घेतली. खाली क्लास सुटला होता, गाड्यांचा गोंगाट.

"आपलं काम कामगारांपुरतं होतं," ते म्हणाले. "ती कामगार नव्हती. हजेरीपटावर नाव नाही. खोली कामाची जागा नाही. कायद्यानं तुझी चूक नाही."

"सर, ती रोज दोनदा झाडायची."

"माहीत आहे मला!" सर पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. मग आवाज खाली आणला. "माझी आई जिनिंगमध्ये सरकी वेचायची. तिचंही नाव नव्हतं कुठं. पण हे बाहेर गेलं तर उद्या कोण देईल आपल्याला काम? इथं पाच माणसं जेवतात या लॅबवर."

मी म्हणालो, मी कारखाने निरीक्षकांच्या ऑफिसात अर्ज देणार. ते म्हणाले, मग लॅबच्या नावानं देऊ नको. म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं. माझं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही, परतही दिलं नाही.

अम्मीला एवढंच सांगितलं की काम सुटलं. ती म्हणाली, "तू कुछ छुपा रहा है." मी तिला सगळं सांगितलं. नमाजानंतर ती मुसल्ल्यावर बसून होती. मुसल्ला गुंडाळत म्हणाली, "उस आदमी को बताया? जो मछली लाया था?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

धारणीच्या बसला खिडकीला काच नव्हती. घाटात दोनदा थांबली. धारणीहून पुढे जीप, मग पायी. डोमाजीकाका भावाच्या घरासमोर लाकडं फोडत होते. मला बघून कुऱ्हाड खाली ठेवली. बाज टाकली. पाणी आणलं. मुलगी दारात उभी होती, तिचे डोळे अगदी तानुबाईचे.

रस्त्यात वाक्यं जुळवली होती. ती सोडली. मी सरळ म्हणालो, "काका, मच्छीनं नाही गेली ती. गॅसनं गेली. झरोक्यातून येत होता. थप्पी पुढे होती तेव्हा येत नव्हता. ती मागं न्यायला मी सांगितलं."

मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांना आकडा वाचता येईना, मुलीनं वाचला.

"तू मोजायलेच आला होता ना?" त्यांनी विचारलं. आजवर ते मला 'तुमी' म्हणत.

"हो."

"आमच्या घरी चहा पेला."

"हो."

"मंग तिले काहून नाही मोजलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे हजेरीपट होता, कायदा होता, उतरलेली बॅटरी होती. मी म्हणालो, "ती माझ्या ध्यानातच आली नाही."

त्यांनी कुऱ्हाड उचलली. मुलगी "बा!" म्हणून पुढे धावली. पण ते लाकडाकडे वळले आणि फोडायला लागले. मोठा ओंडका होता, फुटेना. घाव घालत राहिले. मी बाजेवरच बसून होतो. उठून जावं हेही सुचलं नाही. मग ते दमले, तशीच पाठ करून उभे राहिले.

"मच्छी चांगली होती?"

"चांगली होती, काका. मच्छीचं काही नव्हतं."

"तिनं दोनच तुकडे घेतले. बाकी मले वाढली." खांदे हलायला लागले. इतके दिवस अडलेलं ते रडणं होतं, मुलीनं त्यांना धरलं, आणि मी तिथून चालायला लागलो. मला थांब म्हणालं नाही कुणी.

जीप नव्हती. धारणीपर्यंत बराचसा रस्ता चालत आलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

निरीक्षकांच्या ऑफिसात अर्ज दिला. फोटो, व्हिडिओ, दोन्ही नकाशे. थप्पी कुणाच्या सांगण्यावरून हलली, तेही स्पष्ट लिहिलं. शिक्का मारून पोच दिली.

अद्वैतचा फोन आला होता. उचलला नाही. नंतर एका वकिलाचा आला. तो उचलला आणि ऐकून घेतलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दहा दिवसांत लिहिण्यासारखं काही नव्हतं. अफिफाच्या नवऱ्यानं त्याच्या टायरच्या दुकानात बसायला सांगितलं आहे. बसतो. डोकं अजून अधूनमधून दुखतं. आता चष्म्याला दोष देत नाही.

काल ऑफिसातून निरोप आला, जबाबाला या. डोमाजीकाकांनाही बोलावलं आहे. मला वाटलं, एवढ्या दूरून ते येणार नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ते आले होते. मुलगी बरोबर होती. पांढरा सदरा, नवा घेतलेला, कॉलरवर अजून टाचणी. बाकावर माझ्या शेजारी जागा होती, ते समोर उभे राहिले.

बाई अधिकारी होत्या, तरुण, घाईत नव्हत्या. आधी माझं झालं. अर्ज वाचून त्यांनी वर पाहिलं. "यात तुम्ही स्वतःलाही अडकवून घेताय, कळतंय ना?" मी हो म्हणालो. थप्पी हलवताना पलीकडे कोण राहतं हे माहीत होतं का? होतं. तुम्हाला धोका कळायला हवा होता का? हवा होता. हे त्यांनी माझ्या शब्दांत लिहिलं.

मग डोमाजीकाका. मच्छीचं त्यांनी स्वतःच सांगितलं, कधी आणली, किती खाल्ली. हेही सांगितलं की गोळ्या टाकायच्या रात्री कुणी त्यांना कधी खोली सोडायला सांगितलं नाही. अधिकारीबाई लिहीत गेल्या.

"मयताचा व्यवसाय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता लिहिलं, "गृहिणी."

मुलीनं ते वाचलं आणि बापाच्या कानात सांगितलं.

"नाही बाई," डोमाजीकाका म्हणाले. "कामगार लिवा."

"नोंद आहे का कुठं तिची?"

"नोंद नाही. पण पूरं गोदाम झाडे ते. सकाळी एक डाव, संध्याकाळी एक डाव. बिमार होती तरी झाडलं. कामगार लिवा."

बाई थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलंय तिला काम करताना?"

"पाहिलं आहे," मी म्हणालो. "प्रत्येक वेळी."

त्यांनी 'गृहिणी' खोडलं, वर 'सफाई कामगार' लिहिलं, आणि कंसात 'पती व साक्षीदाराच्या सांगण्यानुसार'. खोडलेल्या जागेवर छोटी सही केली. काकांनी अंगठा दिला. चौकशीला किती दिवस लागतील, मालक काय म्हणेल, माझं काय होईल, ते बाईंनी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसावं. गोदाम चालू आहे. खोली पाडून झाली. मागच्या भिंतीला आता नवा गिलावा आहे.

बाहेर आलो तर ऊन तापलं होतं. स्टँडपर्यंत मी त्यांच्या मागून चालत गेलो, थोडं अंतर ठेवून. धारणीची गाडी लागलेली होती. मुलगी वळून म्हणाली, "भाऊ, येतो आमी." चढताना सदऱ्याच्या कॉलरची टाचणी काकांना टोचली असावी, त्यांनी ती काढून खाली टाकली आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीला बसले.

गाडी सुटेपर्यंत मी थांबलो.